पाण्याच्या काठाकाठानं

गणपती गावाला गेले, की पुण्यातल्या माणसाला घरात बसवत नाही. पावसाचा जोर ओसरलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात, आणि पितृपंधरवड्यात शुभकार्यं नसल्यामुळे रविवार मोकळे सापडतात. मग कुणी लोणावळ्याला जातं, कुणी सिंहगडावर, आणि ज्यांना गर्दीचा कंटाळा आहे असे सगळे एकाच वेळी ताम्हिणीच्या रस्त्याला लागतात. दोन वर्षांपूर्वीच्या अशाच एका रविवारी आम्ही उभयतां त्या गर्दीत होतो.

माझी निवृत्ती होऊन वर्ष झालं होतं, मुलगी लग्न होऊन बंगळुरूला गेली होती, आणि ‘आता तरी जरा हिंडू या’ हे वाक्य आमच्या घरात आठवड्यातून एकदा तरी उच्चारलं जात होतं. गाडी मी चालवायची आणि बाहेर हिनं पाहायचं, अशी आमची तीस वर्षांची वाटणी आहे. ‘अहो, ते बघा,’ असं ती म्हणते तेव्हा माझं लक्ष समोरच्या ट्रककडे असतं, आणि मी मान वळवेपर्यंत जे काही बघायचं ते मागं गेलेलं असतं. त्या दिवशी मात्र घरातूनच ठरवून निघालो होतो, की ती म्हणेल तिथं थांबायचं.

चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड असा हा रस्ता. पौडपर्यंत पुणं काही तुमची पाठ सोडत नाही. दोन्ही अंगांना गृहप्रकल्पांच्या पाट्या, मंगल कार्यालयं, कारखान्यांची फाटकं. पौड मागं पडलं की हवा बदलते, आणि मग पुढं एका वळणावर उजव्या हाताला पाणी दिसतं.

ते एकदम सगळं दिसत नाही. झाडीमागून डोकावतं, नाहीसं होतं, पुढच्या वळणावर पुन्हा हजर होतं. हे मुळशीचं पाणी. रस्ता कितीतरी वेळ त्याच्या काठाकाठानं जातो. कुठं पाण्याची एखादी जीभ डोंगराच्या कुशीत शिरलेली असते आणि रस्ता तिला वळसा घालून पुन्हा काठाशी येतो. पलीकडे डोंगरांची रांग, तिच्या माथ्यावर उतरलेले ढग, उतारावर सोनकीचा पिवळा रंग आणि तेरड्याचा गुलाबी. मधूनच एखादा धबधबा थेट रस्त्याशेजारी. हिनं सात वेळा ‘थांबा’ म्हटलं आणि मी सातही वेळा थांबलो. सातव्यांदा ती म्हणाली, ‘काश्मीरला जायची गरजच नाही हो. हे तळं आपल्या दारात असताना आपण इतकी वर्षं काय करत होतो?’

आता खरं सांगायचं तर आमच्या हिंडण्याला आणखी एक कारण होतं. एका परिचितानं एका जमिनीच्या एजंटाचा नंबर दिला होता. पाण्याच्या वरच्या अंगाला पाच-पाच गुंठ्यांचे प्लॉट पडले होते. ‘लेक व्ह्यू’ असं जाहिरातीत लिहिलं होतं. निवृत्तीचे पैसे बँकेत पडून होते, आणि पडवीत आरामखुर्ची टाकून समोर पाणी पाहत म्हातारं व्हावं, ही कल्पना काही वाईट नव्हती. एजंट दुपारी दोनला भेटणार होता. तोवर वेळ होता, म्हणून रस्त्यालगतच्या एका चहाच्या टपरीवर थांबलो.

टपरी एका सत्तरीच्या बाई चालवत होत्या. चुलीवर पिठलं होतं, तव्यावर नाचणीच्या भाकऱ्या. ही सहज म्हणाली, ‘मावशी, नशीबवान आहात. रोज हे तळं डोळ्यांसमोर.’

मावशींनी भाकरी उलटली आणि म्हणाल्या, ‘तळं न्हाई ताई, धरण हाय ते. तळं तुमी शहरातली मानसं म्हन्ता.’ मग हातातल्या उलथन्यानं पाण्याच्या मधोमध खूण करून म्हणाल्या, ‘आमचं गाव तितं हाय. ह्ये वरलं नंतरचं. माजा आजा सांगायचा.’

एवढंच त्या बोलल्या. तक्रारीचा सूर नव्हता, रडणं नव्हतं. पुण्यातलं एखादं माणूस ‘आमचा जुना वाडा तुळशीबागेजवळ होता’ म्हणून सांगतं, त्याच सहजपणे त्यांनी ते सांगितलं. आम्ही भाकरी-पिठलं खाल्लं, चहा घेतला. पण हिचं मन काही केल्या त्या खुणेवरून हलेना. दोन वाजता एजंट भेटला. त्यानं प्लॉट दाखवला, पाणी दाखवलं, सूर्य कुठं मावळतो ते दाखवलं. ‘पाणी कधीच आटत नाही, कंपनीचं आहे,’ असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. निघताना हिनं त्याला विचारलं, ‘इथं खाली कोणतं गाव होतं?’ तो म्हणाला, ‘खाली? खाली तर पाणीच आहे, मॅडम.’

लेखाचं निमित्त हे आहे.

मुळशीला जाणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना ते पाणी निसर्गाचं वाटतं. आपण ‘लेक’ म्हणतो, ‘तलाव’ म्हणतो, नैनीतालच्या ओळीत बसवतो. वास्तविक आपल्या सह्याद्रीत तशी तळी फारशी नाहीतच. हिमालयात बर्फाच्या नद्यांनी डोंगर कोरून खळगे केले आणि तिथं सरोवरं साठली. सह्याद्री लाव्हारसाचा, काळ्या फत्तराचा. इथं पाऊस कोसळतो आणि नद्यांनी वाहून जातो. साचून राहावा असे मोठे खळगे त्याला सापडत नाहीत. महाराष्ट्रात लोणार आहे, पण ते उल्केच्या आघातानं झालेलं, आणि सह्याद्रीपासून दूर. तेव्हा सह्याद्रीच्या कुशीत तुम्हाला मोठं, विस्तीर्ण, डोंगरांनी वेढलेलं पाणी दिसलं, तर ते जवळजवळ हमखास धरणाचं असतं. लोणावळ्याचं वळवण तसंच, भंडारदरा तसंच, पानशेत, पवना तसंच. तापोळ्याला ज्याला लोक हौसेनं ‘मिनी काश्मीर’ म्हणतात तो शिवसागर म्हणजे कोयनेचा जलाशय. डोंगरात नदीकाठची सपाट जागा थोडी असते, आणि जिथं ती असते तिथंच माणूस भात लावतो आणि घर बांधतो. पाणी अडवायलाही नेमकी तीच जागा सोयीची. म्हणून आपल्याकडच्या डोंगरातल्या प्रत्येक सुंदर पाण्याला ‘इथं खाली कोणतं गाव होतं?’ हा प्रश्न विचारावा लागतो, आणि त्याला बहुधा उत्तर असतं.

मुळशीचं उत्तर तर इतिहासात नोंदलेलं आहे. नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाशी धरण बांधून वीज करायची योजना टाटांच्या कंपनीनं आखली. मुळशी पेट्यातली पन्नासच्या आसपास गावं त्यात बाधित होणार होती. दहा-अकरा हजार माणसं. त्यांना आधी नीट विचारणा झाली नाही. जमीन घ्यायला १८९४ चा भूसंपादन कायदा हाताशी होता, आणि त्यात मालकाच्या नकाराला जवळजवळ काही किंमत नव्हती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम थांबलं. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यांचे पुढारी. गांधीजींनी त्या साली ‘यंग इंडिया’त या प्रश्नावर लिहिलं. काम काही काळ थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. पुन्हा सत्याग्रह, पुन्हा अटका. बायकाही तुरुंगात गेल्या. अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी २००९ साली या लढ्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि त्याला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलं.

लढा हरला. १९२४ साली बापटांनी धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली, त्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. ते १९३१ साली सुटले तोवर भिंत उभी राहिलेली होती, पाणी भरलेलं होतं, आणि १९२७ पासून खाली कोकणात भिऱ्याला वीज तयार होत होती. बापटांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्यानं दिलं. म्हणजे आपल्याकडे एका हरलेल्या लढाईच्या सरदाराला सेनापती म्हणतात, आणि त्याच्या नावानं पुण्यात एक रस्ता आहे, मुंबईत एक रस्ता आहे.

आम्ही पुण्यातल्या त्याच सेनापती बापट रस्त्याच्या बाजूच्या गल्लीत राहतो. वीस वर्षं हा पत्ता मी फॉर्मांवर लिहितो आहे. त्या रविवारी सकाळी आम्ही त्याच रस्त्यावरून गाडी बाहेर काढली आणि मुळशीला जाऊन ‘काय सुंदर तळं आहे’ असं म्हणालो. बापटांचं नाव आणि ते पाणी यांची गाठ माझ्या मनात एकदाही पडली नाही. शाळेत हे नाव कधीतरी वाचलं असणार. पण पाठ्यपुस्तकातलं नाव वेगळं आणि पायाखालची जागा वेगळी, अशी आपली शिकण्याची रीत. म्हणून दोष दुसऱ्या कुणाला द्यायच्या आधी तो मी स्वतःकडे घेतो.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर लिखाण खोटं ठरेल. माझा जन्म परळच्या चाळीतला. वडील तिथल्याच एका गिरणीत साच्यावर होते. मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या वाफेवरून विजेवर आल्या त्या घाटमाथ्यावरच्या याच पाण्याच्या जोरावर. १९१५ च्या सुमारास खोपोली, १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा, अशी तीन वीजघरं घाटाच्या पायथ्याशी उभी राहिली. पाऊस घाटमाथ्यावर पडतो, तो पूर्वेकडे वाहून जायच्या आत अडवायचा, बोगद्यातून पश्चिमेला वळवायचा आणि जवळजवळ पाचशे मीटर खाली सोडायचा, अशी ती युक्ती. कोळसा जाळायला नको, धूर नाही. त्या काळी ही फार मोठी गोष्ट होती, आणि आजही तिला कमी लेखायचं कारण नाही. त्या विजेवर गिरण्या चालल्या, त्या गिरण्यांवर आमच्यासारखी हजारो घरं चालली. मी ज्या दिव्याखाली अभ्यास केला त्याच्या तारा मागं मागं नेल्या, तर त्यातली एखादी मुळशीच्या पाण्यापर्यंत पोचत असेल. धरण नको होतं, असं म्हणायचा अधिकार मला नाही. माझं शिक्षण त्या बाजूला जमा आहे.

पण जमेची बाजू मोठी आहे म्हणून खर्चाची वही फाडून टाकायची नसते. आपण मध्यमवर्गीय माणसं हिशेबाला पक्की. वाण्याकडचे सुटे पैसे विसरत नाही. इथं मात्र वही कुठं ठेवली तेही आठवत नाही. कुणी आठवण करून दिली की आपण ‘देशाच्या प्रगतीसाठी कुणाला तरी त्याग करावाच लागतो’ असं म्हणतो. त्याग स्वतःच्या मर्जीनं केलेला असतो. मुळशीच्या लोकांनी तर जमीन देणार नाही म्हणून सांगितलं होतं, तुरुंगात जाऊन सांगितलं होतं. त्यांच्याकडून जे घेतलं गेलं त्याला त्याग म्हणणं म्हणजे खिसा कापून वर दात्याचे आभार मानण्यासारखं आहे.

आणि या गोष्टीत आपण पुणेकर कुठं होतो, हेही पाहायला हवं. पेट्यातल्या पुष्कळ जमिनी पुण्यातल्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या. सुरुवातीला तेही विरोधात होते. भरपाई बरी मिळणार असं दिसू लागल्यावर त्यांतल्या अनेकांचा विरोध मावळला. जमीन कागदावर ज्याची, त्याला पैसे मिळाले की प्रश्न मिटला. जी माणसं त्या खाचरांत आंबेमोहोर लावत होती त्यांचा प्रश्न तिथूनच सुरू होत होता. रोख रक्कम हातात पडली तरी तिच्यातून खाचर परत उगवत नाही. विस्थापितांचं पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे, असं सांगणारा कायदा महाराष्ट्रात व्हायला १९७६ साल उजाडावं लागलं. ज्या १८९४ च्या कायद्यानं मुळशीची जमीन गेली तो जाऊन त्याच्या जागी नवा कायदा २०१३ साली मंजूर झाला. मुळशीच्या सत्याग्रहानंतर ब्याण्णव वर्षांनी.

हे सगळं मला त्या रविवारी ठाऊक नव्हतं. घरी आल्यावर आठवडाभर वाचलं. वाचून झाल्यावर आमच्या घरात त्या प्लॉटबद्दल बोलणं निघालं. मी म्हणालो, ‘जुनी गोष्ट आहे. शंभर वर्षं झाली. आपण विकत घेतो आहोत, कुणाचं हिसकावत नाही.’ यात खोटं काही नव्हतं. जमीन विकणाराही राजीखुशीनं विकत होता. पण हिनं विचारलं, ‘अहो, खालची गेली तेव्हा ही माणसं वर सरकली. आता वरची आपण घेतली की कुठं सरकणार?’

या प्रश्नावर मी अजून विचार करतो आहे. प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ हा चित्रपट २०१८ साली आला. जमिनी विकल्यावर शेतकऱ्याच्या घराचं आणि पोरांचं काय होतं, ते त्यात आहे. हाणामारी बरीच आहे म्हणून आमच्या पिढीनं तो फारसा पाहिला नाही, पण प्रश्न खरा आहे. पहिल्या खेपेला सरकारनं कायद्यानं जमीन घेतली, दुसऱ्या खेपेला बाजारानं पैशानं घेतली. दोन्ही वेळा खाली राहणाऱ्या माणसाच्या हाती रोकड आली आणि ती संपली. दुसऱ्या खेपेला विकणाऱ्याच्या सह्या आहेत, हा फरक आहेच, आणि तो लहान नाही. आपली जमीन विकायचा अधिकार शेतकऱ्याला नसावा, असं शहरात फ्लॅट घेऊन बसलेल्या माणसानं सांगू नये. पण आपण घेणारे तरी डोळे उघडे ठेवून घेतो का? ‘व्ह्यू’साठी पैसे मोजताना त्या व्ह्यूमध्ये काय आहे, हे विचारतो का?

आम्ही प्लॉट घेतला नाही. त्यानं आम्ही फार थोर झालो, असं कृपया समजू नये. तो प्लॉट दोन महिन्यांत गेला. आम्ही नकार दिल्यानं मुळशीचं काहीही वाचलं नाही. आम्हाला तिथं आरामखुर्ची टाकून बसवलं नसतं, एवढाच त्याचा अर्थ.

पण एक गोष्ट मात्र आम्ही केली, आणि ती सांगण्यासाठीच हा सगळा प्रपंच. पुढच्या वर्षी मे महिन्यात, भर उन्हाळ्यात, आम्ही त्याच रस्त्यानं पुन्हा गेलो. मुलीनं फोनवर आम्हाला वेड्यात काढलं. ‘मे महिन्यात ताम्हिणीला काय आहे?’ खरंच काही नव्हतं. धबधब्यांच्या जागी काळे ओघळ. गवत वाळून गेलेलं. रस्त्याला गर्दी नाही, कणसंवाले नाहीत, धबधब्याखाली नाचणारी पोरं नाहीत. करवंदांच्या जाळ्या तेवढ्या भरलेल्या.

आणि पाणी उतरलेलं होतं. वीज करायला वर्षभर पाणी सोडतात, तसा जलाशय खाली खाली जातो. सप्टेंबरात जिथं निळं-हिरवं पाणी लाटा मारत होतं तिथं आता तांबूस उतार उघडा पडला होता. आम्ही गाडी लावून उभे राहिलो. सुरुवातीला मला नुसती माती दिसली. हिनं, सवयीप्रमाणे, आधी पाहिलं. ‘अहो, त्या रेघा बघा.’ उतारावर एकाखाली एक अशा वळणदार रेघा होत्या, कागदावर बोटानं ओढाव्यात तशा. ती भाताच्या खाचरांची बांधं होती. शंभर उन्हाळे आणि शंभर पावसाळे त्यांच्यावरून गेले, तरी कुणीतरी हातानं रचलेले ते दगड जागेवर होते. मी कोकणातल्या आजोळी असा बांध घालताना पाहिलेला आहे. दगडाला दगड कसा बसवतात, पाणी कुठून काढून देतात, ते मला माहीत आहे. त्यामुळे त्या रेघांकडे नुसतं ‘अवशेष’ म्हणून पाहता येईना. तो कुणाच्या तरी हातचा नीट केलेला बांध होता.

टपरी बंद होती, उन्हाळ्यात गिऱ्हाईक नाही म्हणून. शेजारच्या घरात चौकशी केली तर मावशी आत होत्या. ओळख द्यावी लागली, मग हसल्या. माठातलं पाणी दिलं. मी विचारलं, ‘मावशी, उन्हाळ्यात खाली उतरता का तुम्ही?’ त्या म्हणाल्या, ‘गुरं जात्यात. मानसांनी जाऊन काय करायचं?’ थोडं थांबून म्हणाल्या, ‘आजा जायचा. बांधावर बसून यायचा.’

परतताना आम्ही दोघं फारसं बोललो नाही.

आता माझं म्हणणं. ते साधं आहे. सह्याद्रीतल्या पाण्याकाठी फिरायला जाऊ नये, असं मी मुळीच म्हणत नाही. जरूर जावं. नवरा-बायकोनं तर जावंच. संसारात एकमेकांच्या शेजारी तीन तास बसून एकाच दिशेला पाहायची संधी फार वेळा येत नाही. पण एक पाणी दोनदा पाहावं. एकदा भाद्रपदात भरलेलं, आणि एकदा वैशाखात उतरलेलं. पावसाळ्यात पाहिलं तर आपल्याला आपला आनंद दिसतो. उन्हाळ्यात पाहिलं तर त्या आनंदाखाली काय आहे ते दिसतं. दोन्ही पाहिल्याशिवाय आपण ते पाणी पाहिलं, असं म्हणू नये. मुळशीच असं नाही. कोयना, भंडारदरा, पवना, तुम्हाला जवळ असेल ते पाहा.

मुलांना बरोबर न्यावं. त्यांना उतरलेलं पाणी दाखवावं आणि इथं काय होतं ते सांगावं. आपल्याला ठाऊक नसेल तर तिथल्या माणसांना विचारावं. घाटाच्या खाली कोलाडला कुंडलिकेत तराफ्यातून जायची मौज घ्यायला मुंबई-पुण्याची तरुण मंडळी जातात. त्या नदीला ऐन उन्हाळ्यातही सकाळी जोर असतो, कारण वर भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सोडलेलं असतं. ते पाणी मुळशीच्या धरणातून येतं. ते मूळचं पूर्वेकडे, भीमेकडे वाहणारं. ते पूर्वेला द्यावं की पश्चिमेला, हा वाद अधूनमधून पेटतो आणि पुढंही पेटेल. तो वाद समजायला तरी हे पाणी कुठून निघालं आणि कुणाच्या अंगणातून गेलं, हे ठाऊक असायला हवं.

आणि आणखी एक. तिथं गेलात तर पैसे तिथल्या माणसांपाशी खर्च करा. मोठ्या फाटकाच्या आत बसून सँडविच खाण्यापेक्षा रस्त्याकडेची भाकरी घ्या, तांदूळ घ्या, करवंदं घ्या, आणि घासाघीस करू नका. यानं शंभर वर्षांचा हिशेब फिटणार नाही. पण दोन माणसांचं बोलणं होईल, आणि बोलता बोलता एखादी मावशी उलथन्यानं पाण्यात खूण करून गावाची जागा दाखवेल.

मुंबईतला सेनापती बापट मार्ग दादरपासून खाली लोअर परळकडे जातो, एके काळच्या गिरण्यांना लागून. मुळशीच्या विजेवर गिरण्या चालल्या, आणि ती वीज अडवायला निघालेल्या माणसाचं नाव त्याच गिरण्यांशेजारच्या रस्त्याला मिळालं. आता तिथं गिरण्याही नाहीत, काचेच्या इमारती आणि मॉल आहेत. वडील असते तर त्यांना हे सांगितलं असतं. ते त्या रस्त्यानं रोज कामाला जात. त्यांनाही बहुधा ठाऊक नव्हतं.

यंदाही गणपती जातील, पाऊस ओसरेल, आणि आपण सगळे पुन्हा त्या रस्त्याला लागू. सुंदर दिसेल ते, त्यात शंका नाही. हिला ‘थांबा’ म्हणायचं असेल तिथं मी थांबेनच. फक्त तळं म्हणायचं नाही, असं आम्ही ठरवलं आहे. धरण म्हणायचं. आणि मे महिन्याची एक तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.